घाण्यामागे पळीभर तेल

प्रति,
खानदेशातल्या गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांचे अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारी मंडळाचे सभासद यांस,

स. न. वि. वि.

बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. चोपडा-यावल पट्ट्यातलं गाव. नाव सांगत नाही, कारण हे पत्र काही एकाच गावच्या वाचनालयाला नाही. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, नवोदयचा फॉर्म, पोलीस भरतीचं हॉल तिकीट, सगळं माझ्या काउंटरवरून जातं. चौदा वर्षांच्या अनुभवावरून सांगते, गावात कोणाला काय शिकायचंय ते शाळेच्याही आधी झेरॉक्सवालीला कळतं.

आधी माझी कबुली घ्या. मागं एकदा दहावीतला एक मुलगा आला. विज्ञानाचं पुस्तक पावसात भिजून गेलेलं, परीक्षा तोंडावर. मी बालभारतीच्या साइटवरून पुस्तकाची पीडीएफ उतरवली, त्याच्या मोबाइलमध्ये टाकली आणि वीस रुपये घेतले. दोन मिनिटांचं काम. छापून दिलं असतं तर कागदाचे, शाईचे पैसे झाले असते, त्याला कोणाची ना नाही. पण ही पीडीएफ बालभारतीनं सगळ्यांसाठी फुकट ठेवलेली आहे, पहिलीपासून बारावीपर्यंतची पुस्तकं तशीच आहेत, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गणिताच्या पुस्तकाला तो परत आला नसता. तो परत आला. पुन्हा वीस.

हे मी बरीच वर्षं केलं आणि त्याची फार लाजही वाटली नाही. धंदा आहे. मग एक बाई पासबुक घेऊन आली. मजुरीला जाणारी, मुलगी आठवीत. कोण्या कंपनीचा गळ्यात टाय बांधलेला माणूस घरी येऊन गेला होता. मुलीला दोन प्रश्न विचारले, तिला येईनात, आईला म्हणाला, पोरगी मागं पडलीय. अभ्यासाचं ॲप हप्त्यावर गळ्यात मारलं. सहा हप्ते कापले गेले तेव्हा बाईच्या लक्षात आलं, आणि ते बंद कसे करायचे हे विचारायला ती माझ्याकडे आली. मी ॲप उघडून बघितलं. आठवीचेच धडे होते, चित्रं हलती होती, आवाज गोड होता. तसलेच धडे सरकारच्या 'दीक्षा'वर आहेत, २०१७ पासून आहेत, आणि त्याची वाट तिच्या मुलीच्या दप्तरातच होती. पाठ्यपुस्तकावर तो काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो ना, क्यूआर कोड, तो मोबाइलसमोर धरला की त्या पुस्तकाचं साहित्य उघडतं. "हा चौकोन कशाचा?" मी मुलीला विचारलं. म्हणाली, किमतीचा असेल.

बाईचं घर तुमच्यातल्याच एका वाचनालयापासून तीन घरं सोडून. म्हणून हे पत्र तुम्हाला.

फुकट शिकण्यासारखं आज इतकं पडलंय की सगळं सांगत बसले तर पत्राची वही होईल. म्हणून मी स्वतः उघडून बघितलेलं, आणि माझ्या दुकानात कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडलेलं तेवढंच सांगते.

सगळ्यात धाकट्यांपासून. प्रथम बुक्स या संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' आहे, २०१५ मध्ये सुरू झालेलं. लहान मुलांच्या चित्रांच्या गोष्टी, मराठीतही भरपूर, आणि वाचनाच्या पायरीप्रमाणे लावलेल्या, एका ओळीच्या पानापासून पुढं. उतरवून घ्या, छापा, वाटा, सगळ्याला मुभा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भाषांतराचीही मुभा आहे. मूळ लेखकाचं, चित्रकाराचं नाव तेवढं लिहायचं. हे कळल्यावर मी दोन दिवस त्याच विचारात होते. आपल्याकडचं पहिलीतलं पोर घरी अहिराणी बोलतं आणि शाळेत एकदम पुस्तकी मराठीसमोर बसतं. धडगाव, अक्कलकुव्याकडचं पोर भिलीतून किंवा पावरीतून येतं, त्याला तर मराठीही परक्याच्या घरासारखी. एक दिवस दुकानात गर्दी नव्हती. शेजारच्या आजी प्रिंटरजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना मी पडद्यावरच्या चिमणीच्या गोष्टीचं एकेक पान वाचून दाखवलं, आणि त्या आपल्या नादात नातवाला सांगत गेल्या, "एक व्हती चिमनी..." मी मागून टाइप करत गेले. बारा पानांची गोष्ट अर्ध्या तासात अहिराणी झाली. रंगीत छापली, मधोमध टाचणी मारली. त्या नातवानं ती इतकी वाचली की टाचणी निघून आली. आता मला सांगा, अहिराणीतली अशी पन्नास पुस्तकं वाचनालयात असायला कोणाची परवानगी लागते? कोणाचीच नाही. एक आजी लागते, त्या तर तुमच्या ओट्यावरच बसलेल्या असतात.

जरा मोठ्यांसाठी 'किशोर' मासिकाचे जुने अंक. बालभारतीनं १९७१ पासूनचे अंक साइटवर ठेवलेत. खरं सांगते, हे मुलांपेक्षा मी जास्त बघते. अरविंद गुप्तांची साइट पण बघा. काडेपेटी, सायकलची ट्यूब, स्ट्रॉ, रिकामी रिफिल असल्या वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करायची याचे छोटे छोटे व्हिडिओ, आणि जोडीला पुस्तकं, मराठीतली सुद्धा. आपल्याकडे सायकलच्या फाटक्या ट्यूबा कमी नाहीत.

मग 'फेट'. नाव विचित्र आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञानं २००२ मध्ये हे सुरू केलं. पडद्यावरची प्रयोगशाळा म्हणा. नववीच्या 'धाराविद्युत' धड्यात ओहमचा नियम आहे. शाळेतला अ‍ॅमीटर बिघडलेला असतो, नाहीतर कपाटात असतो आणि किल्ली कारकुनाकडे असते. फेटमध्ये पोरगं बोटानं तार ओढतं, सेल लावतं, दिवा लावतं. रोध वाढवला की दिवा मंदावतो, वाहणारे इलेक्ट्रॉन हळू होतात. सेलची दोन्ही टोकं नुसत्या तारेनं जोडली, आग लागली, तर शाळेत मार बसेल, इथं नुसती चित्रातली आग. मराठी पाट्या असलेले बरेच प्रयोग आहेत, आणि एकदा उतरवून घेतले की नेट लागत नाही. आमच्या गावातला एक इलेक्ट्रिशियन, सातवीतून शाळा सुटलेला, पाऊण तास ते खेळत बसला आणि म्हणाला, मी वीस वर्षं हे हातानं करतोय, आत काय चाललंय ते आज बघितलं.

इथून वर मात्र भराभर सांगते. बारावीच्या जेईई-नीटवाल्यांना तयारीसाठी आयआयटी कानपूरची 'साथी' ही साइट, २०२३ पासून. इंजिनिअरिंग, डिप्लोमाच्या मुलांसाठी 'एनपीटेल'ची व्हिडिओ व्याख्यानं, २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं मिळून सुरू केलेली. सरकारच्या 'स्वयं' साइटवर बीए, बीकॉमपासून शेतीपर्यंतचे अभ्यासक्रम. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी पडते, ती आधी बघून घ्यावी. नेटच नसेल तर 'स्वयंप्रभा'ची चॅनेलं टीव्हीवर दिसतात. त्यांवर रोज चार तास नवं दाखवतात आणि तेच दिवसभर फिरवतात, म्हणजे सकाळी शेतात गेलेल्याला रात्री सापडतं. आयटीआयवाल्यांना 'भारत स्किल्स'वर ट्रेडची पुस्तकं आणि प्रश्नसंच. एमपीएससीच्या पोरांना वेगळं काय सांगू? ती तुमच्याच अभ्यासिकेत बसतात आणि पाचवी ते बारावीची राज्य मंडळाची, एनसीईआरटीची पुस्तकं माझ्याकडून झेरॉक्स करून नेतात. दोन्ही पीडीएफमध्ये फुकट आहेत. हे छापून माझंच नुकसान करून घेते आहे, याची नोंद घ्यावी.

मुली मला विचारतात, ताई, एक्सेल शिकायचंय, क्लासची फी परवडत नाही. त्यांना मी आयआयटी मुंबईचं 'स्पोकन ट्युटोरियल' दाखवते. दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठी आवाजात. एका बाजूला धडा लावायचा, दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करत जायचं. एक्सेलच्या जागी लिबरऑफिस शिकवतात, पण गणितं तीच, बेरजेचं सूत्र तेच. एमएस-सीआयटीसारखा कागद मात्र एवढ्यानं हाती येत नाही, नोकरीच्या फॉर्मला तो वेगळा लागतो. हे मी त्यांना आधीच सांगते, मागून शिव्या नकोत.

आणि म्हाताऱ्यांसाठी, खरं तर सगळ्यांसाठी, मराठी विश्वकोश. ज्यांनी तो उभा केला ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. वीस खंड, आज सगळे इंटरनेटवर उघडे. तुमच्यातल्या बऱ्याच वाचनालयांत ते खंड छापील आहेत हे मला ठाऊक आहे. काचेच्या कपाटात, कुलूप लावून, वर गांधीजींचा फोटो. रागवू नका, पण कापसावरच्या बोंडअळीचं वाचायला आलेल्या माणसाला मी ते कपाट उघडून दिलेलं अजून पाहिलं नाही.

एवढं सगळं आहे, मग अडतं कुठं?

नेट महाग राहिलं नाही, मोबाइल घरटी आहे. अडतं ते शोधण्यात. पोरगं गुगलवर "दहावी विज्ञान" टाकतं, तर वर येतात जाहिराती. पहिले तीन धडे फुकट आणि चौथ्याला पैसे मागणारे. ज्यांना विकायचंय त्यांच्याकडे जाहिरातीला पैसा आहे, आणि जे फुकट देतात ते बिचारे खाली कुठंतरी दडलेले. नावंही अशी की आपल्या माणसाच्या जिभेवर बसू नयेत. त्यात फुकट म्हटलं की आपला माणूस मागं सरतो. एक केळीवाले अण्णा आहेत, त्यांना इंग्रजी बोलायला शिकायचं होतं, परदेशी माल पाठवणाऱ्यांशी बोलायला. मी बीबीसीचे फुकटचे इंग्रजीचे धडे दाखवले. म्हणाले, "फुकटनं शे तं काय कामनं?" दोन महिन्यांनी त्यांनी जळगावात तीन हजारांचा क्लास लावला आणि चार दिवस गेले. आता माझ्याकडे येऊन बीबीसी ऐकतात, चहा स्वतःचा आणतात.

शिवाय मोबाइल घरात एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप रात्री नऊला शेतावरून येतो. ही अडचण कोणत्याही साइटवर सुटत नाही. दुसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठी आहे, पुढं ती पातळ होत जाते, एप्रिलातल्या विहिरीसारखी. बारावीच्या पुढचं बहुतेक इंग्रजी, थोडं हिंदी. आणि व्हिडिओला शंका विचारता येत नाही. पोरगं थांबवतं, मागं घेतं, पुन्हा बघतं, तरी कळत नाही, मग रील लावतं. तिथं शेजारी कोणी बसलेलं असेल आणि "थांब, आधी हा दुसरा बघ" एवढं म्हणेल, तर ते टिकतं. माझ्या दुकानात हे मी रोज बघते. पण दुकानात स्टूल एकच आहे आणि मागं पीकविम्याची रांग.

आता एक जुनी गोष्ट. तुमच्यातले कित्येक पाटणादेवीला जाऊन आले असतील. चाळीसगावजवळच्या त्या पाटण्याला एक शिलालेख आहे, १२०७ सालचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, त्यानं आजोबांचे गणिताचे, ज्योतिषाचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला, आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. राजांची, घराण्याची थोरवी संस्कृतात कोरलीय. पण देण्याघेण्याची गोष्ट आली तिथं कोरणाऱ्यानं संस्कृत सोडलं आणि लोकांच्या बोलीत लिहिलं, जुन्या मराठीत. पाटण्याच्या बाजारात माल येईल त्यावर राजाचा जो हिस्सा असे तो मठाला द्यायचा, आणि गावातल्या घाण्यांमागे पळी पळी तेल द्यायचं.

पळीभर तेल! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. मग वाटलं, बरोबर आहे. भास्कराचार्यांचं ज्ञान फुकटच होतं, त्यावर कोणी पैसे लावले नव्हते. पण रात्री पोथी वाचायची तर दिवा लागतो, दिव्याला तेल लागतं, आणि ते घाण्यावरच्या तेल्याकडूनच यायचं. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका बाजाराला हे कळत होतं.

(खानदेशाचं नाव निघालं की बहिणाबाई यायला हव्यात, असा रिवाज आहे. या वेळी त्यांना त्रास देत नाही.)

तर वाचनालयांनी काय करावं, माझ्या झेरॉक्सवालीच्या अकलेनं. एक जुना संगणक. माझ्या दुकानातला दुसरा मी आठ हजारांत घेतला, जळगावहून, अजून चालतो. स्क्रीनचं तोंड दाराकडे ठेवा, म्हणजे रीलची भीती राहत नाही. गावातला काका येता-जाता बघतो, ते पुरतं. भारनियमनाचं कारण सांगाल तर जुना लॅपटॉप घ्या, बॅटरी नवी टाका. आणि संध्याकाळी दोन तास तिथं बसणारं कोणीतरी. ग्रंथपालावर हे ढकलू नका. त्याला जे मानधन मिळतं ते ऐकून मला माझं दुकान राजवाडा वाटतं. बारावी झालेली, घरी बसलेली, लग्नाची बोलणी चाललेली एखादी मुलगी घ्या, महिन्याला काहीतरी द्या. तिनं शिकवायचं नाही. कुठलं कुठं आहे ते दाखवायचं, आणि कोण काय विचारायला आलं ते वहीत लिहायचं. ती वही सहा महिन्यांनी वाचा, गावाला काय हवंय ते तुम्हाला कळेल.

पैसे कुठून? ड वर्गाच्या वाचनालयाचं अनुदान किती तुटपुंजं असतं ते मला सांगू नका, तुमचे ताळेबंद माझ्याकडेच टाइप होतात. पण हंगामात आपल्या रस्त्यांवरून केळीच्या किती गाड्या जातात? जिनिंगच्या दारात कापसाच्या किती गाड्या उभ्या असतात? गाडीमागे पाच रुपये मागून बघा. कोणी नाही म्हणालं तर पाटण्याचा शिलालेख दाखवा.

सातपुड्यातल्या वाचनालयांना वेगळं सांगते. तोरणमाळच्या वाटेवर मोबाइल हे नुसतं घड्याळ बघायचं यंत्र होऊन बसतं. तिथं नेटची वाट बघत बसू नका. 'किविक्स' नावाची फुकट सोय आहे, तिच्यानं अख्खा मराठी विकिपीडिया, २००३ पासून लोकांनी लिहीत आणलेला, पेनड्राइव्हवर घेता येतो आणि नेटशिवाय संगणकावर शोधता, वाचता येतो. त्याच पेनड्राइव्हवर फेटचे प्रयोग, स्टोरीवीव्हरच्या गोष्टी, बालभारतीची पुस्तकं मावतात. महिन्यातून एकदा तालुक्याला येणाऱ्या कोणाच्याही खिशात ते बसतं. भिली, पावरी येणारी माणसं तुमच्याकडे आहेत, गोष्टींची भाषांतरं तुम्ही आमच्या आधी कराल.

माझ्याकडे दोन पेनड्राइव्ह भरून तयार आहेत. आजींच्या अहिराणी गोष्टी आता सात झाल्यात, त्याही त्यात आहेत. पहिल्या पानावर मूळ लेखकांची नावं लिहिलीत, आजींचं नाव त्यांनी नको म्हटलं. दुकान सोमवारी बंद असतं. ज्या वाचनालयाला हवं असेल त्यांनी निरोप धाडावा, मी येऊन संगणकावर सगळं चढवून देईन, त्या मुलीला दाखवून देईन, पैसे घेणार नाही. जेवणाचं बघू नका, डबा आणते. शेवटची एसटी साडेसातला असते, तेवढी चुकू देऊ नका.

आपली,
बसस्टँडसमोरची झेरॉक्सवाली